हे सर्टिफिकीट कुठे दाखवायचे?

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्याकडे एक पोरगा आला. वय एकोणीस-वीस, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद. मी त्याला ओळखले नाही. त्याने मात्र वाकून नमस्कार केला आणि कागद माझ्यापुढे धरला. वर आमच्या मंडळाचे नाव होते, मध्ये त्याचे नाव होते, आणि उजव्या कोपऱ्यात 'कार्यवाह' या शब्दावर माझीच लफ्फेदार सही होती. विद्युत-कामाचा तीन महिन्यांचा वर्ग त्याने 'समाधानकारकरीत्या' पुरा केला, असे त्यात म्हटले होते.

"काका," तो म्हणाला, "हे कुठे दाखवायचं?"

मला प्रश्नच कळला नाही. "कुठे म्हणजे?"

"म्हणजे कुठं दाखवलं की काम मिळतं? मी चार दुकानांत नेलं. एकानं वाचलं. बाकीच्यांनी वाचलं पण नाही."

एवढ्यात आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. विजेचे काम शिकलेला मुलगा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग आलाच आहे तर हा पंखा बघू दे की त्याला. आठ दिवस झाले, काठीने ढकलल्याशिवाय फिरत नाही."

मुलाने पंख्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "काकू, आम्हाला फळ्यावर आकृती काढून दाखवली होती. पंखा उघडला नव्हता कधी."

वाचकहो, काठीने ढकलल्यावर फिरणारा पंखा म्हणजे बहुधा त्याचा कंडेन्सर गेलेला, हे कुठल्याही मिस्त्रीच्या हाताखालचे पोर पंख्याला हात न लावता सांगेल. आमचा सर्टिफिकीटवाला सांगू शकला नाही. सौ.नी त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली. त्याने अर्धी खाल्ली, पाणी प्यायले, कागद पुन्हा पिशवीत घातला आणि तो गेला. सौ. काही बोलल्या नाहीत. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांचे न बोलणे कधी कशासाठी असते, ते मला आता कळते.

आता हा वर्ग कसा सुरू झाला, ते सांगितले पाहिजे. आमचे मंडळ जुने. गणपती, व्याख्यानमाला, वह्यावाटप, रक्तदान, असे पुण्यातल्या कुठल्याही मंडळाचे असावे तसे काम. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे अधिकारी आमच्याकडे आले. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या पैशातून नदीपलीकडच्या वस्तीतल्या बेकार मुलांसाठी काहीतरी करावे, असे त्यांच्या मनात होते. आम्हाला तर आनंदच झाला. वर्ग ठरला, फळा आला, खुर्च्या आल्या, सायंकाळी दोन तास शिकवायला एक गृहस्थ मिळाले. कंपनीची अट एकच होती: मुले किती झाली, ते दर तिमाहीला कळवायचे आणि प्रमाणपत्रे वाटतानाचे फोटो पाठवायचे.

आम्ही मोठ्या निष्ठेने आकडे कळवले. फोटो पाठवले. पुढच्या वर्षी पैसे वाढवून मिळाले. मुलांचे पुढे काय झाले, हे कंपनीने विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आम्हाला ते सुचलेच नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

दिवाळी झाल्यावर मी कपाटातून एका तुकडीची यादी काढली आणि नदीपलीकडे गेलो. दोन रविवार घालवले. जी मुले भेटली, त्यांतली बरीचशी मोटरसायकलवरून घरपोच सामान पोचवीत होती. एक मोबाइलच्या दुकानात, एक मंगल कार्यालयात वाढपी. एक जण नुसता बसून होता. विजेचे काम करणारे दोघे निघाले. त्या दोघांना मी विचारले, तर दोघांचाही मामा वायरमन! वर्गाला येण्याआधीच ते मामाच्या हाताखाली पाइपांतून वायरी ओढत होते. वर्गाला आले ते कागदासाठी.

एकूण आमच्या मंडळाने जे शिकवले, त्यावर एकाही घरची चूल पेटलेली नव्हती.

हे सगळे मी माझ्या एका स्नेह्यांना सांगितले. गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आणि बोलायला तिखट. ते म्हणाले, "तुम्ही शाळाच काढलीत, फक्त तीन महिन्यांची. एकदा पाबळला जाऊन या."

पाबळ म्हटल्यावर मला आठवली ती मस्तानी. बाजीरावाने तिला दिलेले हे गाव. १७४० साली ती गेली आणि तिची कबर इथेच आहे. इतिहासाची आवड असलेला पुणेकर तेवढ्यासाठी पाबळला जातो आणि परत येतो. त्याच गावाच्या माळावर 'विज्ञान आश्रम' नावाची संस्था १९८३ सालापासून उभी आहे, हे मला ऐकून माहीत होते. पण आश्रम म्हटले की आपल्यापुढे चरखा आणि प्रार्थना उभी राहते, म्हणून मी कधी वाकडी वाट केली नव्हती.

शिवाजीनगरहून राजगुरुनगर आणि तिथून पाबळ. तालुका शिरूर, पर्जन्यछायेतला. वाटेत हिरवे कमी आणि करडे जास्त. हे गाव मुद्दाम असे निवडलेले आहे, हे मला तिथे गेल्यावर उमगले. संस्था ज्यांनी काढली ते डॉ. श्रीनाथ कलबाग हे काही खादीधारी कार्यकर्ते नव्हेत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट, परत आल्यावर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत काम, आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरची जागा. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर, १९८२ साली, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पत्नी मीराताईंसह ते या माळावर येऊन राहिले. मुंबईतल्या अशा नोकरीतली माणसे निवृत्तीनंतर लोणावळ्याला बंगला बांधतात. त्यांच्या आप्तेष्टांनी त्या वेळी काय म्हटले असेल, याची मी कल्पनाच करू शकतो.

आश्रम निघाला तो पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली. ही संस्था जे. पी. नाईकांनी १९४८ साली स्थापन केलेली. नाईक म्हणजे १९६४ ते १९६६ या काळातल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्या आयोगाने शाळांत 'कार्यानुभव' असावा असे सुचवले होते. आता तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत कार्यानुभवाचा तास पाहिला आहे, त्यांनी आठवून पाहावे. कागदाची फुले, फाइलचे पुठ्ठे, आईस्क्रीमच्या काड्यांचे घर. माझ्या घरात मुलीने केलेला असा एक कंदील पुष्कळ वर्षे होता. तो कधी पेटवायचा नव्हता, कारण पेटवला असता तर जळाला असता! आयोगाच्या मनात जे होते, ते आणि हा कंदील यांच्यामध्ये केवढे अंतर पडले, ते पाबळला कळते.

कलबागांचा विचार साधा होता. मूल चालायला शिकते, बोलायला शिकते, ते कुणी फळ्यावर शिकवत नाही. ते करते आणि करता करता शिकते. शाळेत नापास झालेला मुलगा मंद असतो असे नाही. त्याच्या हाताला शिकायची सवय असते आणि आपण त्याला कानाने शिकवत बसतो. म्हणून तिथे शाळा सोडलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे आणि राष्ट्रीय मुक्त शाळेची त्याला मान्यता मिळालेली आहे. चार विभाग: वर्कशॉप आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. एकाच मुलाने वेल्डिंगही करायचे, वायरिंगही करायचे, कोंबड्याही पाळायच्या आणि रक्तातले हिमोग्लोबिनही मोजायचे. मला हे आधी चमत्कारिक वाटले. एक ना धड भाराभर चिंध्या, असे मनात आले. पण खेड्यात काम करणाऱ्या माणसाला निव्वळ एका कसबावर पोट भरत नाही, हे शहरातल्या आपल्यासारख्यांच्या लक्षात राहत नाही. बारा महिन्यांत चार महिने वेल्डिंग, दोन महिने पंप, उरलेले शेत, असा त्याचा प्रपंच असतो.

याच पद्धतीचा एक विषय आठवी ते दहावीच्या शाळांसाठीही तयार झाला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करण्याचा. पाबळच्या शाळेत तो सुरू झाला आणि पुढे इतर अनेक शाळांत गेला. मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. (हे मंडळ म्हणजे दहावीचे मंडळ, आमचे नव्हे. आमच्या मंडळाने असले काही केल्याचे ऐकिवात नाही.)

पण माझे डोळे उघडले ते एका फाटकाने. वर्कशॉपमध्ये एक मुलगा लोखंडी फाटकाच्या बिजागरीला वेल्डिंग करत होता. शेजारी धोतर-टोपीतले एक शेतकरी उभे होते. वेल्डिंग झाले, थंड झाले, आणि त्या गृहस्थांनी फाटक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवले. बिजागरी कुरकुरली. "हे नाय चालायचं. म्हस धडक देती," ते म्हणाले. मुलगा रागावला नाही की शरमला नाही. त्याने ग्राइंडर घेतला, सगळा सांधा घासून काढला आणि पुन्हा काच डोळ्यांपुढे धरली. दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्याने फाटक हलवले, मान डोलावली आणि बंडीच्या खिशातून पैसे काढले.

मी तिथेच उभा होतो. आमच्या वर्गात तीन महिन्यांत जे एकदाही घडले नाही, ते माझ्यासमोर पंधरा मिनिटांत घडले होते. आमच्या मुलांचे काम कुणी कधी नाकारलेच नव्हते. नाकारायला काम तरी कुठे होते?

पाबळची पद्धत अशी की जे शिकायचे ते शक्यतो कुणाच्या तरी खऱ्या गरजेवर शिकायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. पाण्याचेच उदाहरण पाहा. या दुष्काळी टापूत विहीर खोदायची म्हणजे शेतकऱ्याने घरचे सोने मोडायचे. आश्रमातल्या मुलांना जमिनीचा विद्युत-विरोध मोजायला शिकवले गेले. एका रांगेत चार सळया रोवायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमधला दाब मोजायचा. सळयांमधले अंतर वाढवत नेले की मोजणी अधिक खोलवरची होते. ओल्या थराचा विरोध कमी, कोरड्या कातळाचा जास्त. आकड्यांचा आलेख काढला की पाणी कुठे असण्याचा संभव आहे, याचा अंदाज येतो. ओहमचा नियम आम्ही इंटरला घोकून पास झालो आणि विसरलो. ज्याच्या आलेखावर शेजारच्या गावातला माणूस कर्ज काढून विहीर खणणार आहे, तो मुलगा तो नियम विसरेल का? अंदाज चुकला तर तो शेतकरी बाजारात भेटणारच आहे.

तसेच घुमटाकार घरांचे. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून अर्धगोल सांगाडा उभा करायचा, त्याला जाळी ताणायची आणि वर सिमेंटचा गिलावा. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन सोडतो, एवढ्या भूमितीवर ते घर उभे. पट्टी कापताना जरा चूक झाली की शेवटची कडी जुळत नाही आणि चूक कुठे झाली ते सगळ्यांना दिसते. भूमितीत नापास झालेल्या मुलाला हे प्रमेय पाठ करावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली ती हिशोबाची. कुठलीही वस्तू करायची तर आधी तिचे चित्र काढायचे, मग लागणारा माल लिहायचा, मग खर्च मांडायचा. माल किती, वाया किती गेला, मजुरी किती, हत्यारांची झीज किती. आपल्याकडच्या समाजसेवी संस्था इथेच हटकून चुकतात. मजुरी धरायला त्यांना लाज वाटते. मग भगिनी मंडळातली पिशवी बाजारातल्या पिशवीपेक्षा स्वस्त होते, आपण ती कौतुकाने घेतो, आणि कोपऱ्यावरचा शिंपी आपले गिऱ्हाईक का तुटले म्हणून कपाळाला हात लावतो. संस्थेची देणगी आटली की पिशवीही बंद पडते. ना शिंपी उरला, ना शिवणारी.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. मुलांच्या कामाचे पैसे घ्यायचे ठरले की मुलांना राबवून घेण्याचा मोह फार दूर नसतो. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली, शाळेचा खर्च मुलांच्या हस्तोद्योगातून निघावा असे सुचवले, तेव्हाच शाळेचा कारखाना होईल अशी शंका घेणारे लोक निघाले होते. ती शंका अनाठायी नव्हती. रोज शंभर बिजागऱ्या एकाच मुलाकडून करून घेतल्या तर संस्थेचे उत्पन्न वाढेल, पण मुलगा दुसऱ्या दिवसापासून काही नवे शिकणार नाही. मला वाटते, शिकवण्याचा जो खर्च आहे तो समाजाने द्यावा, देणगीने द्यावा, सरकारने द्यावा. आणि वस्तूचा जो खर्च आहे तो गिऱ्हाइकाने द्यावा. दोन्हींच्या वह्या एक झाल्या की घोटाळा सुरू होतो.

हे सगळे महाराष्ट्राला नवे आहे अशातला भाग नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे १९४७ साली साताऱ्याला शिवाजी कॉलेज उभे केले आणि 'कमवा आणि शिका' हा शब्द घरोघर पोचवला. ज्या मुलांना फी देणे शक्य नव्हते ती श्रम करून शिकली. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्यांनी देणगी न घेण्याचा दंडक घातला, पण पापड वाईट असेल तर तो परत करण्याचा दंडकही तितकाच कडक ठेवला. आता या सगळ्याला 'सामाजिक उद्योजकता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नावाला माझी हरकत नाही. फक्त परिसंवादांत हा शब्द ऐकला की मला त्या म्हशीची आठवण होते.

कलबाग २००३ साली गेले. त्याआधी एक वर्ष, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला 'फॅब लॅब' आली. संगणकावर काढलेले चित्र यंत्राने कापून देणारी ही प्रयोगशाळा. जगात तेव्हा अशा जागा अगदी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांतली एक मस्तानीच्या गावी! मात्र खरे सांगायचे तर मला त्या यंत्रांतले फारसे कळले नाही. मी फाटकाचाच विचार करत एस.टी.त बसलो.

पुण्याला आल्यावर मंडळाची सभा बोलावली. यादी वाचून दाखवली, फाटकाची हकीकत सांगितली आणि सूचना मांडली की वर्ग बंद करावा. मंडळाच्या तळमजल्यावर शनिवार-रविवार दुरुस्तीचे टेबल मांडावे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. पैसे घ्यावेत, पावती द्यावी. शिकवायला फळ्यावरचे मास्तर नकोत, आयुष्यभर हे काम केलेला मिस्त्री हवा.

आमचे खजिनदार खवळले. "मंडळ म्हणजे काय दुकान आहे? धर्मादाय आयुक्तांना काय सांगायचं?" सनदी लेखापाल असलेल्या आमच्या एका सभासदांनी समजावून सांगितले की सार्वजनिक न्यासाने मोबदला घेऊ नये असे कायदा म्हणत नाही. धंदा संस्थेच्या उद्देशाला धरून असावा, त्याच्या वह्या स्वतंत्र असाव्यात आणि नफा कुणा विश्वस्ताच्या खिशात जाऊ नये, म्हणजे झाले. खजिनदार गप्प बसले, पण पटले नव्हते. एका बाईंनी विचारले, "आणि कुणाचा मिक्सर जाळला तर?" हा प्रश्न सगळ्यांत शहाणपणाचा होता, हे पुढे दिसून आले.

मिस्त्री मिळाले ते असे. आमच्याच आळीत एक वाइंडिंगवाले आजोबा राहतात. डोळे अधू, दुकान मुलाने मोडून टाकलेले, दिवसभर गॅलरीत बसलेले. त्यांना विचारले तर आधी म्हणाले, "मला शिकवता येत नाही." मग म्हणाले, "पोरांना माझ्या शिव्या चालतील का?" चालतील, असे मी मुलांना न विचारताच सांगून टाकले.

तो वसुबारसेचा मुलगा मी स्वतः जाऊन बोलावून आणला. त्याच्यासह पाच जण झाले. कंपनीला पाच हा आकडा कळवला, तेव्हा तिथल्या नव्या अधिकाऱ्यांनी अतिशय सभ्य शब्दांत कळवले की एवढ्या थोड्या लाभार्थींसाठी त्यांच्या योजनेत तरतूद नाही. त्यांचेही चुकले असे मी म्हणत नाही. आकडे मोजायची सवय त्यांना आम्हीच लावली होती.

पहिल्याच महिन्यात एक मिक्सर जळाला. आर्मेचर तपासायचे सोडून पोराने कार्बन बदलले आणि थेट जोराच्या बटणावर सुरू केला. मालकीणबाई त्याच सभेतल्या! मंडळाने नुकसानभरपाई दिली, आणि आजोबांनी नियम केला की दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू आधी बल्बच्या सिरीजवर लावून पाहायची, मग थेट. दुसरा नियम माझा: वस्तू परत आली तर ज्याने केली त्यानेच ती पुन्हा करायची, फुकट, गिऱ्हाइकासमोर. वहीत लाल शाईने लिहायचे. सुरुवातीला वही पुष्कळ लाल झाली.

दोन मुले सोडून गेली. सामान पोचवण्यात रोजचे पैसे रोज हातात पडतात, आणि इथे शनिवार-रविवार मिळून जे मिळे त्यात पेट्रोलही भागत नसे. मी त्यांना थांबवू शकलो नाही. घरी भाकरी करणाऱ्या आईला धीर धर म्हणून सांगायला माझ्याकडे काय होते? उरले तिघे. त्यांतला एक आता आजोबांच्या बंद दुकानाच्या जागेत, त्यांच्या मुलाला भाडे देऊन, रोज बसतो. दुसऱ्याला एका सोसायटीने पंपाच्या देखभालीवर ठेवले. तिसरा वसुबारसेचा.

आकडा म्हणून सांगायचा तर तीन. खजिनदार दर सभेत तो मला सांगतात. तळमजल्याचे वीजबिल आणि आजोबांचे मानधन वस्तूंच्या मोबदल्यातून निघते. शिकण्यात जे तार आणि कार्बन जळतात, त्यांसाठी आम्ही अजून पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो. ते कधी बंद होईल असे मला दिसत नाही.

यंदाच्या दिवाळीआधी आमचा तोच पंखा पुन्हा कुरकुरू लागला. कंडेन्सर मागेच बदलला होता; आता आवाज येऊ लागला. सौ.नी निरोप धाडला. तो आला, चपला दाराबाहेर काढल्या, स्टुलावर चढला, पाते हाताने फिरवून कान लावला. "काकू, बेअरिंग गेलंय. खाली काढावा लागेल." काढला, उघडला, वर्तमानपत्रावर सगळे भाग ओळीने मांडले. तासाभराने पंखा वर गेला आणि मुकाट्याने फिरू लागला. सौ.नी बशी भरून चिवडा आणि वर दोन चकल्या आणून ठेवल्या. सगळे संपवून त्याने खिशातून पावतीपुस्तक काढले आणि दोनशे वीस रुपयांची पावती फाडली.

"अरे, आमच्याकडूनही?" सौ. म्हणाल्या.

"काकू, वहीत लिहावं लागतं," तो म्हणाला, आणि जाता जाता दारातून वळून त्याने सांगितले की आवाज पुन्हा आला तर भाऊबीज झाल्यावर कळवा, चार दिवस हाताला उसंत नाही.